बॅकअपमधून कोणते फोल्डर वगळायचे, कोणते चुकूनही नाही

एक टीबीची हार्ड डिस्क आणून बॅकअप लावला आणि काही महिन्यांत ‘जागा संपली’ असा संदेश आला, की बहुतेक जण सगळ्यात मोठा फोल्डर शोधतात आणि तो बॅकअपमधून काढून टाकतात. चूक इथेच होते. घरच्या संगणकावरचा सगळ्यात मोठा फोल्डर बहुधा मुंजी-लग्नाच्या व्हिडिओंचा असतो आणि त्याची दुसरी प्रत कुठेच नसते. त्याच वेळी ब्राउझरच्या कॅशमधल्या (तात्पुरत्या साठ्यातल्या) हजारो बारीक फायली मात्र रोज रात्री कॉपी होत राहतात.

वगळण्यातली चूक लगेच कळत नाही. बॅकअप अर्धवट थांबला तर लाल खूण दिसते. वगळलेला फोल्डर मात्र कधीच तक्रार करत नाही. तो नाही हे समजतं मूळ डिस्क गेल्यावर, आणि तेव्हा काही करता येत नाही. म्हणून ही यादी एकदा शांतपणे, कागद घेऊन करावी. खालची पद्धत मुख्यतः विंडोजसाठी आहे. फोल्डरची नावं इथे देवनागरीत लिहिली आहेत, संगणकावर ती इंग्रजी अक्षरांत दिसतील आणि तशीच टाइप करावी लागतील.

आणखी एक गोष्ट आधीच स्पष्ट असू द्या. तुम्ही अख्ख्या डिस्कची इमेज घेत असाल, म्हणजे विंडोजसकट सगळं जसंच्या तसं परत उभं करायचं असेल, तर विंडोज किंवा प्रोग्रॅम फाइल्स वगळायचे नसतात. ते वगळले तर इमेजला अर्थ उरत नाही. हा लेख फायलींच्या बॅकअपसाठी आहे.

प्रत्येक फोल्डरला विचारायचा प्रश्न

‘हा फोल्डर आत्ता नाहीसा झाला तर परत कुठून मिळेल, आणि किती वेळात?’

उत्तर ‘संगणक स्वतःच पुन्हा तयार करेल’ असं असेल तर तो फोल्डर बिनधास्त वगळा. कॅश, तात्पुरत्या फायली, छोट्या झलक-प्रतिमा या सगळ्या यात येतात. उत्तर ‘पुन्हा डाउनलोड करता येईल’ असं असेल तरीही वगळता येतो, पण त्याआधी प्रोग्रॅमचं नाव, आवृत्ती आणि लायसन्सची किल्ली एका मजकूर-फायलीत लिहून ती फाइल बॅकअपमध्ये ठेवा. ‘कुठूनच मिळणार नाही’ असं उत्तर आलं तर तो फोल्डर २०० जीबीचा असला तरी वगळायचा नाही. जागा कमी पडली तर डिस्क मोठी घ्यायची. फोल्डर किती मोठा आहे हा प्रश्न यानंतरचा.

‘माहीत नाही’ हेही एक उत्तर असतं. ज्याचं उत्तर माहीत नाही तो फोल्डर बॅकअपमध्ये राहू द्यायचा.

याच कारणासाठी आमचा सल्ला असा की, अख्खा युजर फोल्डर आणि डेटाचे सगळे ड्राइव्ह बॅकअपमध्ये घ्यावेत आणि त्यातून मोजकं वगळावं. उलट पद्धतीत, म्हणजे ‘फक्त डॉक्युमेंट्स आणि पिक्चर्स घ्या’ असं सांगण्यात, नवीन तयार झालेला प्रत्येक फोल्डर आपोआप बाहेर राहतो. पहिल्या पद्धतीत चूक झाली तर थोडी जागा वाया जाते. दुसऱ्या पद्धतीत चूक झाली तर काम जातं.

आधी मोजा

विझट्री किंवा विनडिरस्टॅट यांपैकी एक टूल घ्या आणि ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून चालवा, नाहीतर काही फोल्डरचा आकार शून्य दिसतो. विझट्री एनटीएफएस (विंडोजची नेहमीची फाइल-रचना) डिस्कची मुख्य नोंदवहीच थेट वाचतं, त्यामुळे सेकंदांत उत्तर मिळतं. पहिले वीस मोठे फोल्डर कागदावर उतरवा आणि तीन रकाने करा: पूर्ण पाथ (फोल्डरचा पत्ता), आकार, परत कुठून मिळेल. तिसरा रकाना भरता आला नाही तर तो फोल्डर वगळण्याच्या यादीत जाणार नाही.

आकाराबरोबर फायलींची संख्याही बघा. साध्या यूएसबी हार्ड डिस्कवर मोठे व्हिडिओ सेकंदाला सुमारे १०० एमबीच्या वेगाने जातात, म्हणजे १०० जीबीला साधारण १७ मिनिटं. त्याच डिस्कवर काही केबीच्या लाखभर फायली टाकल्या तर वेग सेकंदाला काही एमबीवर येतो, कारण प्रत्येक फायलीसाठी उघडणं, नोंद करणं, बंद करणं हे सगळं होतंच. बॅकअप रात्रभर चालत असेल तर दोष बहुतेक वेळा अशा बारीक फायलींचा असतो.

विंडोजचं स्वतःचं सामान

सी ड्राइव्हच्या मुळाशी पेजफाइल डॉट सिस, स्वॅपफाइल डॉट सिस आणि हायबरफिल डॉट सिस अशा लपलेल्या फायली असतात. हायबरफिल साधारण रॅमच्या ४० टक्के असते. १६ जीबी रॅम असेल तर सहा-साडेसहा जीबी. या वगळण्याचं कारण फक्त जागा नाही. विंडोज चालू असताना त्या कुलूपबंद असतात, त्यामुळे बॅकअपच्या नोंदीत रोज ‘फाइल वाचता आली नाही’ असे इशारे येतात. रोज तेच इशारे बघून माणूस नोंद वाचणं सोडतो आणि एक दिवस खरी चूक त्याच गर्दीत निघून जाते. रिसायकल बिन आणि सिस्टिम व्हॉल्यूम इन्फर्मेशन हे फोल्डरही याच गटातले.

विंडोज डॉट ओल्ड वगळायला हरकत नाही, पण आधी आत डोकावा. कोणी डिस्क फॉरमॅट न करता विंडोज पुन्हा टाकून दिलं असेल तर जुन्या डेस्कटॉपवरची कागदपत्रं याच फोल्डरच्या आतल्या युजर्समध्ये असतात. अपग्रेडनंतर विंडोज हा फोल्डर साधारण दहा दिवसांनी स्वतःच पुसतं.

विंडोज आणि प्रोग्रॅम फाइल्स हे दोन मोठे फोल्डर वगळताना दोन ठिकाणी ठेच लागते.

पहिली ठेच फॉन्टची. अप्पा बळवंत चौकात, नारायण पेठेत, सदाशिव पेठेत डीटीपी आणि छपाईची कामं करणाऱ्यांनी हे नीट वाचावं. पुण्यातच तयार झालेल्या श्रीलिपीसारख्या प्रणालींच्या जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये बसवलेली पेजमेकर किंवा कोरलड्रॉची फाइल तो नेमका फॉन्ट नसेल तर वाचता येत नाही. देवनागरीच्या जागी इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांची खिचडी दिसते. फॉन्ट असतात सी ड्राइव्हवरच्या विंडोजमधल्या फॉन्ट्स फोल्डरमध्ये, म्हणजे नेमक्या वगळलेल्या जागी. शिवाय अलीकडच्या विंडोजमध्ये फक्त एका युजरपुरता बसवलेला फॉन्ट ॲपडेटा, लोकल, मायक्रोसॉफ्ट, विंडोज, फॉन्ट्स या वाटेवर जातो. दोन्ही ठिकाणचे फॉन्ट डी ड्राइव्हवर ‘फॉन्ट-संग्रह’ असा फोल्डर करून त्यात कॉपी करा आणि तो फोल्डर बॅकअपमध्ये घ्या. दहा वर्षांपूर्वीच्या दिवाळी अंकाची फाइल जपून ठेवली आणि तिचा फॉन्ट गेला, तर ती फाइल असून नसल्यासारखीच.

दुसरी ठेच डेटाबेसची. दवाखाना, औषधांचं दुकान, शाळेचं कार्यालय अशा ठिकाणची बिलिंगची सॉफ्टवेअरं बऱ्याचदा एसक्यूएल सर्व्हर या डेटाबेस-प्रणालीवर चालतात आणि त्याच्या डेटाफायली नेहमीच्या मांडणीत प्रोग्रॅम फाइल्समधल्या मायक्रोसॉफ्ट एसक्यूएल सर्व्हर फोल्डरच्या आत असतात. अशाच दुसऱ्या प्रणालीचा, मायएसक्यूएलचा, डेटा प्रोग्रॅमडेटा या लपलेल्या फोल्डरमध्ये असतो. ‘हे तर नुसते प्रोग्रॅम’ म्हणून दोन्ही वगळले की पाच वर्षांची बिलं बाहेर राहतात. मात्र या फायली आहेत तशा बॅकअपमध्ये घेणं हाही उपाय नाही. डेटाबेस चालू असताना उचललेली फाइल अर्धी जुनी, अर्धी नवी असू शकते आणि मग ती उघडतच नाही. सॉफ्टवेअरमधली बॅकअपची सोय वापरा किंवा डेटाबेसचा डंप (सगळ्या नोंदींची एका फायलीतली प्रत) रोज रात्री ९ वाजता डी ड्राइव्हवरच्या एका फोल्डरमध्ये काढा, आणि फायलींचा बॅकअप १० वाजता लावा. डंप रोज तयार होतोय याची खात्री पटल्यावरच मूळ डेटाफोल्डर वगळा.

टॅली वापरणाऱ्यांसाठी

टॅलीप्राइमचा डेटा सहसा सी ड्राइव्हवर युजर्स, पब्लिक, टॅलीप्राइम, डेटा या वाटेवर असतो. तो तुमच्या नावाच्या युजर फोल्डरमध्ये नाही, पब्लिकमध्ये आहे. बॅकअप फक्त स्वतःच्या युजर फोल्डरचा लावला असेल तर टॅली त्यात नाही. कंपनी निवडण्याच्या पडद्यावर डेटाचा पाथ दिसतो, तो बघून खात्री करा. त्या फोल्डरमध्ये प्रत्येक कंपनीचा आकड्यांच्या नावाचा एक फोल्डर असतो. नावावरून ओळख पटत नाही म्हणून ते फालतू समजून वगळले जातात. कंपनी बंद करूनच फोल्डर कॉपी होऊ द्या, किंवा ऑल्ट आणि वाय दाबून टॅलीतूनच बॅकअप काढा.

‘जुन्या वर्षांचा डेटा आता बदलत नाही, मग रोज कशाला?’ असा विचार करून मागच्या वर्षांच्या कंपन्या वगळू नका. न बदललेली फाइल चांगला बॅकअप-प्रोग्रॅम पुन्हा कॉपी करतच नाही, त्यामुळे तिचा रोजचा भार जवळजवळ शून्य असतो. आणि कंपनी कायदा २०१३ नुसार कंपनीची हिशेबाची पुस्तकं ८ आर्थिक वर्षं, तर जीएसटीच्या नोंदी वार्षिक विवरणपत्राच्या मुदतीपासून ७२ महिने ठेवाव्या लागतात. नोटीस येते ती याच जुन्या वर्षांची.

ॲपडेटा: सगळ्यात जास्त चुका इथे

युजर फोल्डरमधला ॲपडेटा लपलेला असतो. त्याच्या आत लोकल, लोकललो आणि रोमिंग असे तीन फोल्डर असतात. ‘रोमिंग ठेवा, लोकल वगळा’ असा सल्ला बऱ्याच ठिकाणी ऐकायला मिळतो. तो धोक्याचा आहे.

क्रोमचे बुकमार्क लोकलमध्ये असतात, गूगल, क्रोम, युजर डेटा, डिफॉल्ट या वाटेवर. विंडोजच्या स्टिकी नोट्स लोकलमधल्या पॅकेजेस फोल्डरमध्ये एका डेटाबेस-फायलीत असतात. कित्येक जणांचे पॉलिसी नंबर आणि फोन नंबर त्या पिवळ्या चिठ्ठ्यांवरच असतात. डब्ल्यूएसएल (विंडोजमध्येच लिनक्स चालवायची सोय) वापरणाऱ्याचं अख्खं लिनक्स, त्यातल्या होम फोल्डरमधल्या कोडसकट, लोकलमध्येच एका मोठ्या व्हर्च्युअल डिस्कच्या फायलीत बसलेलं असतं. दुसरीकडे, रोमिंग म्हणजे सगळं मोलाचं असंही नाही. ॲडोबीचा मीडिया कॅश रोमिंगमधल्या ॲडोबी, कॉमन या फोल्डरमध्ये असतो आणि व्हिडिओ एडिटिंग करणाऱ्याकडे तो कैक जीबीचा होतो. थंडरबर्डची सगळी पत्रं मात्र रोमिंगमध्येच असतात, आणि मुलांनी महिनोन्महिने उभारलेली माइनक्राफ्टची जगंही.

त्यामुळे ॲपडेटा घ्या आणि त्यातून फक्त नेमक्या जागा काढा. लोकलमधला टेम्प, क्रॅशडम्प्स, आयनेटकॅश. क्रोम आणि एज यांच्या प्रोफाइलमधले कॅश, कोड कॅश, जीपीयूकॅश. रोमिंगमधला ॲडोबीचा मीडिया कॅश. आणि प्रोग्रॅमिंग करत असाल तर लोकलमधला एनपीएम-कॅश आणि पिपचा कॅश. बहुतेक संगणकांवर एवढ्यानेच ॲपडेटाचं वजन बरंच उतरतं. क्रोमच्या साठवलेल्या पासवर्डबद्दल एक गोष्ट लक्षात असू द्या: ते त्या विंडोज खात्याला बांधलेल्या किल्लीने कुलूपबंद असतात, त्यामुळे फाइल परत आणली तरी दुसऱ्या संगणकावर ते उघडत नाहीत. त्यांची सोय पासवर्ड मॅनेजरमध्ये किंवा क्रोमच्या सिंकमध्येच करावी.

आउटलुकचं वेगळं सांगायला हवं. शेवटी पीएसटी असलेली फाइल म्हणजे मूळ पत्रं. ती कधीच वगळायची नाही, आणि आउटलुक बंद असतानाच तिची प्रत नीट निघते. ओएसटी ही सर्व्हरवरच्या पत्रांची स्थानिक नक्कल असते, म्हणून ती साधारणपणे वगळता येते. पण आयमॅपचं (पत्रं सर्व्हरवर ठेवणारं) खातं असेल आणि आउटलुकच्या कॅलेंडरपुढे किंवा संपर्कांपुढे ‘फक्त या संगणकावर’ अशा अर्थाची इंग्रजी सूचना दिसत असेल, तर ती नोंद सर्व्हरवर नाहीच. ती त्या ओएसटीतच आहे. आधी ती पीएसटीत काढून घ्या, मग पुढचं.

वनड्राइव्ह आणि गूगल ड्राइव्ह

‘ते तर क्लाउडवर आहेच’ म्हणून वनड्राइव्हचा फोल्डर वगळण्यापूर्वी डेस्कटॉपवरच्या कुठल्याही फायलीवर राइट क्लिक करून प्रॉपर्टीजमध्ये तिचं लोकेशन बघा. नव्या विंडोजमध्ये वनड्राइव्हने विचारल्यावर ‘हो’ म्हटलं की डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स आणि पिक्चर्स हे तिन्ही फोल्डर वनड्राइव्हच्या आत हलतात. मग वनड्राइव्ह वगळणं म्हणजे हे तिन्ही वगळणं.

शिवाय सिंक म्हणजे बॅकअप नव्हे. इथे पुसलेली फाइल तिथेही पुसली जाते. घरगुती वनड्राइव्हची कचरापेटी ३० दिवसांत रिकामी होते, गूगल ड्राइव्हचीही ३० दिवसांत. दिवाळीत चुकून पुसलेला फोल्डर मार्चमध्ये विवरणपत्र भरताना आठवला तर तिथे काहीच नसतं. म्हणून सिंकचे फोल्डर बॅकअपमध्ये ठेवावेत, असं आमचं ठाम मत आहे.

यात एक अडचण येते. ज्या फायलींपुढे ढगाचं चिन्ह आहे त्या संगणकावर नसतातच. दिसतं ते फक्त नाव. अशा फोल्डरचा बॅकअप घेताना काही प्रोग्रॅम सगळ्या फायली डाउनलोड करायला लागतात आणि सी ड्राइव्ह भरून टाकतात, तर काही त्यांना गुपचूप सोडून देतात. आपला प्रोग्रॅम काय करतो हे एका फोल्डरवर करून बघा. महत्त्वाच्या फोल्डरवर राइट क्लिक करून ‘ऑलवेज कीप ऑन धिस डिव्हाइस’ निवडलं की फायली खरोखर उतरतात आणि बॅकअपमध्येही जातात.

गूगल डॉक्स आणि शीट्सच्या बाबतीत तेही पुरत नाही. डिस्कवर दिसणारी जीडॉक किंवा जीशीट ही फाइल म्हणजे निव्वळ पत्ता असतो, मजकूर त्यात नसतो. त्यांची खरी प्रत गूगल टेकआउटमधून वर्ड-एक्सेलच्या रूपात काढून बॅकअपच्या फोल्डरमध्ये ठेवावी लागते. तीन महिन्यांतून एकदा पुरे.

हिंजवडी-खराडीच्या प्रोग्रॅमर मंडळींसाठी

नोड मॉड्यूल्स, पायथनचा व्हीएन्व्ही आणि पायकॅश, रस्ट आणि मेव्हनचा टार्गेट, ग्रेडलचे कॅशेस हे सगळे पुन्हा तयार होतात. ते वगळा, बॅकअपचा सगळ्यात जास्त वेळ तेच खातात. मात्र पॅकेजेसच्या आवृत्त्या लिहिलेली लॉक फाइल बॅकअपमध्ये हवीच, नाहीतर ‘पुन्हा तयार’ झालेलं जुन्यासारखं चालेलच असं नाही.

गिटइग्नोरची यादी उचलून बॅकअपची वगळण्याची यादी बनवू नका. गिटइग्नोरचा अर्थ ‘इतरांना देऊ नये’ असा असतो, ‘नको आहे’ असा नसतो. डॉट एन्व्ह फाइल, अँड्रॉइडचा कीस्टोर, स्थानिक सेटिंग्ज हे सगळं गिटमध्ये मुद्दाम ठेवलेलं नसतं, म्हणजेच ते जगात फक्त तुमच्या लॅपटॉपवर असतं. ते बॅकअपमध्ये घ्या, आणि त्यासाठी बॅकअप एन्क्रिप्ट करा. डॉट गिट फोल्डरही वगळायचा नाही. पुश न केलेल्या ब्रँच आणि स्टॅश त्यातच असतात.

मेव्हनसाठी डॉट एमटू अख्खा वगळू नका, फक्त त्यातला रिपॉझिटरी वगळा. बाहेरच्या सेटिंग्ज फायलीत सर्व्हरचे तपशील असतात. हाताने बसवलेली एखादी जार फाइल रिपॉझिटरीत असेल तर तीही आधी बाजूला काढा. डॉकरच्या इमेज पुन्हा ओढता येतात, व्हॉल्यूममधला डेटाबेस येत नाही. त्याचा डंप काढा. डब्ल्यूएसएलची व्हर्च्युअल डिस्क चालू असताना कॉपी करण्यापेक्षा आठवड्यातून एकदा डब्ल्यूएसएलच्या एक्स्पोर्ट आदेशाने तिची टार फाइल काढणं बरं.

कंपनीच्या लॅपटॉपवरचं काम घरच्या डिस्कवर घेण्याआधी कंपनीचे नियम बघा.

फोटो, डिझाइन, डाउनलोड्स

लाइटरूमचा एलआरकॅट कॅटलॉग म्हणजे तुमची सगळी मेहनत, तो हवाच. त्याशेजारचा ‘प्रीव्ह्यूज डॉट एलआरडेटा’ पुन्हा तयार होतो, तो वगळा. प्रीमिअरच्या प्रीव्ह्यू फायली वगळा, ऑटो-सेव्ह ठेवा. कोरलड्रॉ मूळ फायलीशेजारी ‘बॅकअप ऑफ’ अशा नावाने जी प्रत करतं ती वगळता येते, पण तुमच्या बॅकअपमध्ये जुन्या आवृत्त्या राहत असतील तरच.

डाउनलोड्स फोल्डर सरसकट वगळण्याची पद्धत आहे, ती सोडून द्या. सातबारा, इंडेक्स टू, महापालिकेची मिळकतकराची पावती, पगाराच्या स्लिपा हे सगळं डाउनलोड्समध्येच पडलेलं असतं आणि दुसरीकडे हलवलेलं नसतं. त्याऐवजी त्या फोल्डरमधल्या ईएक्सई, एमएसआय आणि आयएसओ फायली तेवढ्या वगळा, आणि अर्धवट उतरलेल्या क्रडाउनलोड आणि पार्ट फायलीही.

नियम लिहिताना

फोल्डर कळले, आता ते प्रोग्रॅमला सांगायचे. इथे ताऱ्याचं चिन्ह, म्हणजे ‘या जागी काहीही चालेल’ अशी खूण, जपून वापरा. ‘टेम्प’च्या दोन्ही बाजूंना तारा लावला की ज्या नावात ही अक्षरं आहेत ते सगळं जातं. टेम्प्लेट्स जातं, ‘टेम्पो भाडं २०२३’ जातं आणि ‘टेम्पल फोटोज’ नावाच्या फोल्डरमधले पर्वती-सारसबागेचे फोटोही जातात. बिल्ड, बिन, कॅश, ओल्ड ही नावंही अशीच. बांधकाम व्यावसायिकाच्या संगणकावर ‘बिल्ड’ने सुरू होणारा फोल्डर हे त्याचं मुख्य काम असू शकतं.

नियम पूर्ण पाथ देऊन लिहा. नुसतं नाव देऊन सगळीकडून वगळायची मुभा फक्त नोड मॉड्यूल्स किंवा पायकॅशसारख्या, माणूस कधी स्वतःहून देणार नाही अशा नावांना द्या. विंडोजवर लहान-मोठ्या लिपीचा फरक पडत नाही, लिनक्सवर पडतो. रेस्टिक आणि बोर्ग हे बॅकअप-प्रोग्रॅम वापरत असाल तर त्यांचा ‘एक्स्क्लूड कॅशेस’ हा पर्याय चालू करा. ज्या फोल्डरमध्ये कॅशडिर डॉट टॅग ही ठरावीक खुणेची फाइल असते त्यातला मजकूर ते आपोआप सोडतात.

आणखी एक, घरातली डिस्क आणि ऑनलाइन बॅकअप यांना एकच यादी लावू नका. घरच्या डिस्कवर जागा असते, तिथे कमीत कमी वगळा. ऑनलाइनला अपलोडचा वेग आडवा येतो: ४० एमबीपीएस अपलोड सलग मिळाला तरी १०० जीबीला साडेपाच तास लागतात. तिथे चित्रपट, गेम, व्हर्च्युअल मशीन बिनदिक्कत वगळा, म्हणजे कागदपत्रं आणि फोटो पहिल्याच रात्री सुरक्षित पोचतील. घराबाहेरची ही प्रत चैन नाही. २५ जुलै २०२४ ला पुण्यात सिंहगड रस्त्यावरच्या एकता नगरीत मुठेचं पाणी शिरलं. अशा वेळी तळमजल्यावर संगणकाच्या शेजारीच ठेवलेली बॅकअप डिस्क संगणकाबरोबरच पाण्यात जाते.

आधी कोरडी चाचणी, मग खरा बॅकअप

बहुतेक प्रोग्रॅममध्ये प्रत्यक्ष कॉपी न करता फक्त यादी दाखवायची सोय असते. रेस्टिक आणि आरसिंकमध्ये तिला ड्राय-रन म्हणतात. विंडोजच्या रोबोकॉपी या कॉपी करण्याच्या आदेशात स्लॅश-एल लावला की कॉपी होत नाही, काय कॉपी झालं असतं ते छापून येतं. रोबोकॉपी वापरणाऱ्यांनी आणखी तीन गोष्टी कराव्यात. स्लॅश-एक्सजे लावावा, कारण ॲपडेटामधले काही जुने फोल्डर प्रत्यक्षात स्वतःच्याच वरच्या फोल्डरकडे बोट दाखवतात आणि कॉपी गोल गोल फिरत राहते. स्लॅश-आर आणि स्लॅश-डब्ल्यूला १ ही किंमत द्यावी. न दिल्यास अडलेल्या एका फायलीसाठी ती ३० सेकंदांच्या अंतराने १० लाख वेळा प्रयत्न करते, म्हणजे जवळपास वर्षभर. आणि स्लॅश-एमआयआर पूर्ण समजल्याशिवाय वापरू नये, कारण स्रोतात नसलेलं सगळं तो बॅकअपमधूनही पुसतो. आरसिंकमध्ये ‘डिलीट-एक्स्क्लूडेड’ हा पर्याय त्याहून पुढे जातो: आज वगळलेल्या फोल्डरची जुनी प्रतही बॅकअपमधून काढतो.

यादी छापून आली की तिच्यात काय आहे ते वाचण्यापेक्षा काय नाही ते शोधा. दहा फायली आठवून लिहा: मागच्या महिन्यातलं बिल, मुलीच्या वाढदिवसाचा फोटो, बुकमार्क, टॅलीची कंपनी, एखादा जुना फॉन्ट, आईच्या तपासण्यांचे रिपोर्ट. एकेक नाव यादीत शोधा. जे सापडणार नाही तिथे तुमचा कुठला तरी नियम जास्त खातोय.

मॅकवर टाइम मशीन कॅश आणि कचरापेटी स्वतःच सोडतं, तिथे फार वगळावं लागत नाही. फोटोजमध्ये ‘ऑप्टिमाइझ मॅक स्टोरेज’ चालू असेल तर मात्र मूळ फोटो आयक्लाउडवर असतात आणि टाइम मशीनमध्ये येत नाहीत. लिनक्सवर प्रॉक, सिस, डेव्ह, रन, टेम्प आणि होममधला डॉट कॅश वगळा. प्रॉकमधली केकोर ही फाइल १२८ टेराबाइटची दिसते आणि ती खरी मानून बॅकअप अडकू शकतो. डॉट कॉन्फिग, डॉट एसएसएच आणि डॉट लोकलमधला शेअर ठेवा.

पहिला पूर्ण बॅकअप आणि त्यानंतरची चाचणी गुरुवार टाळून ठेवा, पुण्यात देखभालीसाठी वीज बंद राहण्याचा तो नेहमीचा वार आहे. चाचणी अशी करा: दुसरा संगणक किंवा नवं विंडोज खातं घ्या, बॅकअपमधून त्याच दहा फायली परत आणा आणि उघडून बघा. टॅलीची कंपनी टॅलीत उघडा, फॉन्ट बसवून जुनी फाइल उघडा. एखादी उघडली नाही तर नियम बदला आणि तेवढ्या फायलीची चाचणी पुन्हा घ्या.

नवीन सॉफ्टवेअर टाकलं, विंडोज बदललं किंवा नवा ड्राइव्ह जोडला की यादी पुन्हा बघा. नव्याने वगळलेला फोल्डर जुन्या बॅकअपांमध्ये काही दिवस शिल्लक असतो, पण जुन्या आवृत्त्या ठेवायची मुदत ९० दिवस असेल तर ९१ व्या दिवशी तो कुठेच नसतो. म्हणून प्रत्येक नियमापुढे तो कधी आणि का लावला हे एका ओळीत लिहा, आणि नियमांच्या त्या फायलीची एक प्रत बॅकअपच्या डिस्कवर अगदी वर, उघडताच दिसेल अशी ठेवा.